पोटात गेलं तेवढंच शहर

“दुबईवरून आलीस का?”

खोली बघायला गेले तेव्हा दार उघडल्याबरोबर बाईंनी मला हे विचारलं. नाव नाही, कोर्स कुठला ते नाही, भाडं परवडेल का तेही नाही. सांगलीहून ऑकलंडला शिकायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मैत्रिणीच्या मैत्रिणीच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपत होते. न्यू लिन स्टेशनजवळच्या डेअरीत दूध आणायला गेले, तर काचेवर चिकटवलेल्या इंग्रजी चिठ्ठ्यांमध्ये एक देवनागरी चिठ्ठी दिसली : ‘खोली भाड्याने. स्वयंपाकघर आहे, पण कशाला?’ खाली पत्ता. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात हेही मला तेव्हा नवीन होतं, आणि ही चिठ्ठी तर त्याहून नवीन.

“हो, दुबईवरूनच,” मी म्हटलं.

“मध्ये किती वेळ होता?”

“अकरा तास.”

“मग? काय खाल्लंस?”

मी खरं ते सांगितलं. विमानतळावर एक बर्गर खाल्ला आणि बॅग उशाला घेऊन बाकावर झोपले.

बाईंनी चष्मा काढला. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. “अकरा तास,” त्या हळूच म्हणाल्या. “ट्रान्झिट व्हिसा काढायचास की गं! अकरा तास त्या शहराच्या उंबऱ्यावर बसलीस आणि बर्गर खाल्लास?” मग दार पूर्ण उघडून म्हणाल्या, “ये आत. तुझ्यावर बरंच काम करावं लागणार.”

अशी मला खोली मिळाली. त्या घरात मी सहा वर्षं राहिले.

बाई मूळच्या सोलापूरच्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस. अंगात सलवार-कमीज, पायात पळायचे बूट, थंडीत वरून पुरुषी फुगीर जॅकेट, आणि बारा महिने गळ्यात सुती ओढणी. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं तर लगेच अडवलं. “काकू म्हणू नकोस. काकू म्हटलं की लोकांना पोहे आठवतात. मग ते पोह्यांची वाट बघत बसतात.” म्हणून आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्या आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायच्या. मी सांगली. मागच्या अंगणातल्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे घरापासून सुट्या खोलीत, राहणारा आयटीतला मुलगा नागपूर. “ए सांगली, नागपूरला उठव, यल्ला, निघायचंय!” ही आमच्या रविवारची सुरुवात. यल्ला म्हणजे अरबीत ‘चला’.

बाई स्वयंपाक करत नसत. येत नव्हता असं नाही, करत नसत. ओटा आरशासारखा लखलखीत, गॅसवर पितळेची कुंडी, आणि ओव्हनमध्ये लोकरीचे कपडे. “एवढं मोठं कोरडं कपाट, किडा शिरत नाही, कसर लागत नाही. केक भाजायला वापरतात म्हणे लोक!” एकदा नागपूरने न बघता ओव्हन लावला. त्याला फ्रोझन पिझ्झा गरम करायचा होता. थोड्या वेळाने घरभर जळक्या लोकरीचा वास, छतावरचा अलार्म कोकलतोय, आणि बाई चिमट्यात करपलेला मफलर धरून उभ्या. नागपूर म्हणाला, “सॉरी बाई, मफलर नवीन आणून देतो.”

“मफलर गेला खड्ड्यात,” बाई म्हणाल्या. “तू पिझ्झा डब्यातला आणलासच कसा? चालत जाण्याएवढ्या अंतरावर तो चिनी माणूस हाताने नूडल्स ओढतो, त्याचा तर विचार करायचास!”

हे असं. घरचं जेवण ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. “घरचं जेवण म्हणजे एकाच बाईच्या हातचं जन्मभर खायचं. मग जग कधी खायचं?” दर रविवारी एक जेवण त्यांच्याबरोबर बाहेर करायचं, ही घरात राहायची अट होती. आणि बाहेर म्हणजे मॉलमधलं फूडकोर्ट नाही. बाईंचे नियम पक्के होते. भिंतीवर पदार्थांचे फोटो असतील तिथे शिरायचं नाही. टॅक्सीवाले, रंगारी, सिक्युरिटीवाले जिथे खातात तिथे शिरायचं. शेजारच्या टेबलावर जे आहे ते मागवायचं. आणि बनवणाऱ्याला गाव विचारायचं.

“देश विचारू नये,” त्या म्हणायच्या. “देश विचारला की माणूस पासपोर्टसारखा बोलतो. गाव विचारलं की जेवणासारखा.”

अंगणात लिंबाचं झाड होतं, ऑकलंडमध्ये निम्म्या घरांत असतं तसं, आणि फळ इतकं की वाटून संपत नसे. बाईंच्या पर्समध्ये कायम चार-सहा लिंबं असायची. जेवण आवडलं की त्या सरळ मुदपाकखान्याच्या दारात जाऊन आचाऱ्याच्या हातात लिंबू ठेवायच्या. काही जण गोंधळायचे, काही जण हसायचे. न्यू लिनमधल्या श्रीलंकन आचाऱ्याने तर पहिलं लिंबू देवापुढे ठेवलं होतं.

ऑकलंडच्या दक्षिण टोकाच्या मनुरेवाचा तो रविवार मी विसरणार नाही. सकाळच्या बाजारात एक समोअन बाई मोठ्या कढईत पिठाचे गोळे तळत होती. पानिकेके. आपल्या गुलगुल्यांची थोरली बहीण. बाईंनी एक खाल्ला, डोळे मिटले, आणि मोठ्यांदा म्हणाल्या, “किया ओरा! युवर व्हिलेज?”

“तालोफा,” ती बाई हसून म्हणाली. “किया ओरा माओरी म्हणतात, आम्ही समोअन तालोफा म्हणतो.” आणि तिने गाव सांगितलं. नुसतं नाव सांगून ती थांबली नाही. गाव कुठल्या बेटावर, चर्च कुठे, तिच्या आजोबांचा मान काय, समुद्र किती जवळ, सगळं. गिऱ्हाइकं खोळंबली. बाई ऐकतायत, मध्येच सोलापूरच्या तलावाचं सांगतायत. शेवटी त्या बाईने कढई बहिणीच्या हवाली केली आणि म्हणाली, “चर्चनंतर जेवण आहे. तुम्ही यायचं.”

नागपूर माझ्या कानाशी लागला, “आपण ओळखत पण नाही यांना!”

“आता ओळखतो,” बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

चर्चच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, पांढऱ्या पोशाखातली शेकडो माणसं, आणि मधोमध आम्ही तीन मराठी. तापलेल्या दगडांवर शिजवलेलं जेवण येत होतं. एक पुडी बाईंच्या पुढ्यात आली. उघडली, तर आत हिरवीगार पानं, नारळाच्या दुधात शिजून मऊ झालेली. बाईंनी घास घेतला आणि टेबलावर हात आपटला.

“अगं, अळू! अळू आहे हे! आपलं फदफदं, पण नारळात न्हालेलं!”

शेजारच्या म्हाताऱ्या समोअन आजींना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी आणखी एक पुडी बाईंच्या ताटात टाकली. मग आणखी एक. त्या दोघी एकमेकींचा हात धरून हसत होत्या. नागपूर, जो दहा मिनिटांपूर्वी पळायच्या बेतात होता, तो तिसऱ्यांदा वाढून घेत होता. मला ऑकलंडला येऊन सहा महिने झाले होते, आणि आपण परक्या देशात आहोत हे मी त्या दुपारी पहिल्यांदा विसरले. पुढे बाई महिन्यातून एकदा तिथे जायच्याच. पिशवी भरून लिंबं घेऊन.

पण हे सगळं म्हणजे बाईंच्या लेखी नुसता रियाज होता. खरं गाणं दुबईचं.

बाईंचे यजमान लवकर गेले. मुलीला आईपाशी सोलापूरला ठेवून बाई दुबईला गेल्या. देरामधल्या एका मालवाहतुकीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि पंचवीसएक वर्षं तिथेच राहिल्या. ‘राहिल्या’ म्हणजे बेडस्पेसमध्ये. एका खोलीत सहा बायका, दुमजली खाटा, त्यातली वरची खाट बाईंची. खोलीत चूल पेटवायला बंदी. म्हणून त्या खाली उतरल्या, रस्त्यावर आल्या, आणि खायला लागल्या.

“सोलापूरचं ऊन प्यायलेली बाई मी, वाळवंटाला काय भिणार?” त्या सांगायच्या. “आणि ऐक, वाळवंटात काही पिकत नाही. म्हणूनच तिथलं जेवण चांगलं. जो येतो तो आपलं गाव बांधून आणतो. पेशावरचा माणूस चपली कबाब आणतो, मलबारचा मासा आणतो, इराणी त्याची भट्टी आणतो. एका गल्लीत सात गावं जेवायला बसतात.”

आमच्यापैकी कुणी दुबईमार्गे घरी निघालं की आदल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्ग भरायचा. बाई गळ्यातली ओढणी काढून टेबलावर आडवी पसरायच्या. ती दुबईची खाडी. अलीकडे देरा, पलीकडे बर दुबई. मिठाची बाटली म्हणजे घड्याळाचा चौक. लिंबं म्हणजे खाणावळी. “ही इराण्याची. ही पठाणाची. इथे अब्रा, म्हणजे लाकडी होडी, तिच्यातून पलीकडे जायचं. आणि हे,” सगळ्यात मोठं लिंबू त्या शेवटी ठेवायच्या, “हे मेस. मलबारी मेस. दुपारी एकला जायचं. माशाची आमटी, भात, वर तळलेली मिरची. बाकी कुठे नाही गेलात तरी इथे जायचं.” लिहून घ्यायला मनाई. “लिहिलं की जीभ झोपते.”

परत आल्यावर तोंडी परीक्षा. नागपूर पहिल्यांदा घरी जाऊन आला तेव्हा म्हणाला, “पठाणाकडे गेलो होतो बाई, कबाब एक नंबर!”

“आत शिरताना वाकलास?”

“नाही... कशाला?”

“मग तू गेला नाहीस. ते दार मला सुद्धा बेताचं होतं.” त्या रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी जा.” आणि पुढच्या वर्षी त्याने दुबईतून फोटो पाठवला. कपाळावर टेंगूळ, हातात कबाब, चेहऱ्यावर असा आनंद की जणू ऑलिंपिक जिंकला. बाईंनी तो फोटो फ्रिजवर लावला.

मेसची गोष्ट मात्र वेगळी. एक-दोन जण येऊन सांगायचे, “बाई, तिथे आता पार्किंग आहे.” बाई मान हलवायच्या. “चुकीच्या गल्लीत शिरलास. कबुतरांच्या चौकातून दुसरी गल्ली.” नागपूर म्हणाला, “दुसरीच होती बाई.” तर त्या उठून आत गेल्या.

मला नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बाई दर दोन वर्षांनी सोलापूरला जायच्या, पण कायम सिंगापूरमार्गे. दुबई सोडल्यापासून तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. एकदा लिंबं तोडताना मी सरळ विचारलं, का जात नाही?

त्या झाडाकडे बघतच बोलल्या. “कंपनी बुडाली तेव्हा व्हिसा गेला. महिन्याच्या आत निघायचं, असा तिथला कायदा. पंचवीस वर्षं आणि एक महिना. मी कुणाला दोष देत नाही, जाताना माहीतच होतं. तिथे आपल्या नावावर काही होत नाही गं. घर नाही, दार नाही, मतदान नाही. पोटात गेलं तेवढंच शहर आपलं.” एक लिंबू त्यांनी पिशवीत टाकलं. “आता परत जायचं ते कोण म्हणून? आणि मेस पण नसली तर?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या मोठ्या लिंबाला कुणी बोट लावलं की बाई का उठून जातात.

पुढे मुलीने त्यांना न्यूझीलंडला आणलं. मग मुलगी, इथल्या अनेकांसारखी, ब्रिस्बेनला गेली, आणि न्यू लिनचं घर, लिंबाचं झाड आणि आम्ही भाडेकरू बाईंच्या वाट्याला आलो.

तर माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी, डिसेंबरात बाईंच्या भाचीचं लग्न निघालं, सोलापूरला. मलाही रेसिडेन्सी मिळाली होती आणि आईला भेटायला जायचं होतं. तिकिटं मी काढणार होते. सिंगापूरमार्गे एकही जागा नाही. मी भीत भीत सांगितलं, “बाई, दुबईवरूनच मिळतंय. ऑकलंडहून थेट. पहाटे उतरायचं, संध्याकाळी मुंबईचं विमान.”

बाईंनी चष्मा काढून ओढणीने पुसला. मग म्हणाल्या, “काढ. पण मी बाहेर पडणार नाही. विमानतळावर बसेन.”

मी माझा ट्रान्झिट व्हिसा गुपचूप काढून ठेवला. त्यांना गरज नव्हती, त्यांच्याकडे आता न्यूझीलंडचा पासपोर्ट होता.

सतरा तास विमानात काढले. पहाटे उतरलो. त्यांनी एक बाक निवडला, बूट काढले, पाय वर घेऊन बसल्या.

“बरं,” मी म्हटलं, “मग मी एकटी जाते. रस्ता सांगा.”

त्यांनी ओढणी काढली. बाकावर पसरली. “ही खाडी. इथे मेट्रोतून उतर. बाहेर आलीस की उजवीकडे... नाही, डावीकडे. मासळीचा वास येईल तिकडे... नाही, तिथे आधी एक रंगाचं दुकान...” बोट ओढणीवर फिरत होतं. मग ते थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ओढणी फटकन झटकून गळ्यात टाकली.

“तुला कळायचं नाही. चल.”

इमिग्रेशनच्या रांगेत मात्र त्यांनी पासपोर्ट तीनदा उघडून पाहिला. काचेमागे पांढऱ्या झग्यातला एक तरुण अधिकारी. बाईंनी काळा, रुपेरी नेच्याचा पासपोर्ट पुढे केला. त्याने पान उघडलं, शिक्का मारला, “वेलकम, मॅडम,” म्हणाला आणि पासपोर्ट परत केला.

बाई हलेनात. “एवढंच?” त्यांनी हिंदीत विचारलं.

तो हसला. “एवढंच. तीस दिवस. एन्जॉय.”

बाहेर येऊन त्यांनी शिक्क्यावर बोट फिरवलं, शाई ओली आहे का बघावं तसं. “दर खेपेला कंपनीचं पत्र लागायचं, सांगली. दर खेपेला वाटायचं, आज नाही सोडणार.” मग एकदम आवाज चढला. “यल्ला! भूक लागली!”

टॅक्सीवाला पठाण होता. बाईंनी गाडीत बसायच्या आत त्याचं गाव काढून घेतलं. देरामधल्या एका कॅफेटेरियासमोर त्यांनी त्याला थांबायला आणि हॉर्न वाजवायला सांगितलं. आतून एक मलबारी माणूस धावत आला, खिडकीतून तीन कागदी पेले दिले. करक, वेलची घातलेला दाट, दुधाळ चहा, आणि त्याबरोबर रगाग : पापडासारखी पातळ कुरकुरीत पोळी, आत अंडं. आम्ही तिघांनी, ड्रायव्हरसकट, गाडीतच खाल्लं. बाईंच्या हनुवटीला अंडं लागलं होतं आणि त्या गात होत्या. सहा वर्षांत त्यांना गाताना मी ऐकलं नव्हतं.

“आता मेस,” त्या म्हणाल्या.

“एकला जायचं असतं ना?”

“बघून तरी येऊ.”

कबुतरांचा चौक तसाच होता. पहिली गल्ली. दुसरी गल्ली. बाई माझ्यापुढे भराभर चालत होत्या, आणि मग थांबल्या. समोर पार्किंग होतं. सपाट डांबर, पांढरे पट्टे, गाड्या. इमारतच नव्हती.

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुन्हा चौकात गेल्या, गल्ल्या मोजून परत आल्या. नंतर एका पांढऱ्या गाडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. “इथे हात धुवायचं बेसिन होतं,” म्हणाल्या. मला वाटलं, आपण यांना आणायला नको होतं. आता या म्हणतील, परत विमानतळावर चल, आणि यापुढे टेबलावर ओढणी कधी पसरली जाणार नाही.

मी त्यांचा हात धरला.

तेवढ्यात पार्किंगच्या मागच्या बाजूने दोन टॅक्सीवाले दात कोरत बाहेर आले. त्यांच्या मागून आणखी तिघं, रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतले. बाईंचं डोकं तिकडे वळलं, शिकारी मांजराचं वळावं तसं.

“ही माणसं कुठून आली?”

पार्किंगच्या मागे एक अरुंद बोळ, बोळात एक दार, दारावर नुसती एक नेपाळी पाटी. बाई आत शिरल्या. चार टेबलं, सगळी भरलेली. एका टेबलावरच्या माणसांनी सरकून जागा दिली. बाईंनी शेजारच्या ताटाकडे बोट केलं. आलं ते एक पिठाचं काळसर, उकडीसारखं घट्ट, आणि बरोबर एका वाटीत पातळ आंबूस रस्सा, त्यात तपकिरी पालेभाजी.

बाईंनी खाल्लं. थांबल्या. पुन्हा खाल्लं.

“हे काय आहे?” त्यांनी मला विचारलं. बाईंनी मला विचारलं!

“मला काय माहीत?”

“मला पण माहीत नाही!” त्या ओरडल्या. “सांगली, हे माझ्या वेळी नव्हतं! मला हे माहीतच नाही!” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा फुलला होता की सगळ्या टेबलांवरची माणसं बघायला लागली.

बनवणारी पडद्यामागून आली. तरुण, कपाळावर मोठी टिकली. बाईंनी गाव विचारलं. तिने एका डोंगराचं नाव घेतलं आणि म्हणाली, गाडीरस्ता संपतो तिथून पुढे चालायचं. नाचणीचा ढिंडो आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. “इतक्या लांबून?” बाई म्हणाल्या. तिने हसून विचारलं, “आणि आपण कुठून आलात?” बाई क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, “इथलीच. म्हणजे आधी सोलापूर, आता न्यूझीलंड, पण मधली इथलीच.”

त्यानंतरचा दिवस मी फक्त धावले. होडीतून पलीकडे गेलो, तोंडावर खाऱ्या पाण्याचे तुषार. इराण्याच्या भट्टीत तापलेल्या खड्यांवर भाजलेली हातभर लांब रोटी घेतली, तिच्या पाठीला एक खडा चिकटून आला होता, तो बाईंनी पदरी बांधावा तसा ओढणीच्या टोकात बांधला. इराण्याने त्यांना ओळखलं नाही. मला वाईट वाटलं, पण बाई म्हणाल्या, “बरं झालं. पहिल्यापासून ओळख करून घेता येईल.” दुपारी यमनी खानावळीत जमिनीवर मांडी घालून एका परातीतून मंदी खाल्ली, धुराचा वास असलेला भात आणि हाडापासून सुटून येणारं मटण. मी म्हटलं, बाई, आता एक घासही जाणार नाही. त्यांनी मला कुनाफ्याच्या दुकानात बसवलं, पाकात न्हालेला तो चीजचा गरम गोड पदार्थ पुढ्यात ठेवला, आणि “बाथरूमला जाऊन येते” म्हणून गेल्या त्या बऱ्याच वेळाने आल्या.

संध्याकाळी टॅक्सी विमानतळाच्या दाराशी थांबली. मी उतरले. बाई उतरल्या नाहीत.

“तू जा,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मघाशी विमान कंपनीच्या ऑफिसात जाऊन तिकीट बदललं. मी उद्या रात्रीच्या विमानाने येते. बॅग पण उद्याच येईल.”

“बाई, लग्न!”

“लग्न रविवारी आहे. उद्या शुक्रवार. शुक्रवारी इथे सगळ्यांना सुट्टी असते, सकाळपासून सगळा गाव जेवायला रस्त्यावर येतो. आणि सांगली,” त्यांनी खिडकीतून माझा हात धरला, “या शहरात मी एकदा सुद्धा एकटीच्या खोलीत झोपले नाही. कायम वरची खाट, खाली कुणीतरी. आज हॉटेलात खोली घेतली. खिडकीतून खाडी दिसते.”

मी रागावणार होते. त्यांच्या बहिणीला काय सांगू, एकट्या कशा राहाल, सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि नुसतं म्हटलं, “नीट जेवा.”

“हे काय सांगणं झालं?” त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. टॅक्सी वळली.

बहिणीने मला मुंबईत फोन करून जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पण बाई शनिवारी संध्याकाळी सोलापूरला पोचल्या, हळदीच्या ऐन वेळी, आणि नवऱ्या मुलीच्या हातात त्यांनी कागदात गुंडाळलेली अख्खी इराणी रोटी ठेवली. परतताना पुन्हा दुबईला उतरल्या, आणि शिक्क्याचे तीस दिवस संपत आले तेव्हाच ऑकलंडला आल्या. घरात शिरताच ओढणी टेबलावर पसरली. मोठं लिंबू त्यांनी हातात घेतलं, जरा वेळ घोळवलं, आणि बाजूला ठेवलं. “इथे पार्किंग आहे,” त्या नागपूरला म्हणाल्या. “तुझं बरोबर होतं.” मग पार्किंगच्या मागे दुसरं लिंबू ठेवलं.

त्यानंतर त्या दर हिवाळ्यात जायला लागल्या, एकट्या. मला पुढे हॅमिल्टनमध्ये नोकरी लागली आणि मी तिथल्या रोटोटुना उपनगरात राहायला आले. इथे रस्ते रुंद, घरं नवी, आणि खायचं ठिकाण शोधायला गाडी काढावी लागते.

परवा ऑफिस सुटल्यावर मी वाहतुकीत अडकले होते. फोन वाजला, अनोळखी नंबर, मागे प्रचंड गलका, भांड्यांचे आवाज, कुणीतरी अरबीत ओरडतंय. तिकडे सकाळ होती.

“सांगली! ऐकू येतंय का? सुदानी आहे, सुदानी! पावट्यासारखे मोठे दाणे, रात्रभर शिजवलेले, आणि अगं, बाटलीच्या बुडाने ठेचतात! समोर, काचेच्या बाटलीने! वर तिळाचं तेल ओततात, कच्चं, आपण शेंगाचटणीवर घेतो तसं! मी दहा वेळा या गल्लीतून गेले असेन गं, कधी दिसलंच नाही! त्याचं गाव नदीकाठी आहे, म्हणतो, पुराच्या वेळी होडीतून भट्टी लावायचे...”

“बाई, तब्येत कशी आहे? डॉक्टर काय म्हणाले गुडघ्याचं?”

“काय? अगं थांब, थांब,” त्या म्हणाल्या, “ताट आलं.”

आणि फोन बंद झाला.